खेळ डोक्यात राहत नाही

शुक्रवार, रात्री

व्हिडिओ गेमवरून माझं मन उडालंय. आज हे एकदाचं लिहून टाकते. बराच काळ मी म्हणत आले की सध्या वेळ नाही, ऑफिसातलं रिलीज झालं की खेळू, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की खेळू, दिवाळीत खेळू. रिलीज झालं, ऑपरेशन झालं, दिवाळीत सुट्टी होती आणि मी घरीच होते. कन्सोल सुरूसुद्धा केला नाही.

वेळेचं कारण खरं नाही. रविवारी जेवण आवरून आडवी झाले की मोबाइल बघण्यात तास-सव्वा तास सहज जातो, आणि संध्याकाळी विचाराल तर त्यातलं काही सांगता येणार नाही. तो तास गेमला देता आला असता. द्यावासा वाटला नाही.

मला याचं वाईट वाटतं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "बरं झालं सुटलं, नाहीतरी पोरखेळच तो." मला नाही पटत. कुणाचं वाचन सुटलं, कुणाचं गाणं सुटलं तर आपण हळहळतो. मला गेमने जे दिलं ते त्याहून कमी नव्हतं, मग हे सुटल्याची हळहळ का नको?

सेलमध्ये रेड डेड रिडेम्प्शन २ घेतला होता. २०१८ चा गेम, पण माझ्याकडे उशिरा आला. सुरुवातीला हरखून गेले होते. बर्फातून घोडा चालतो तेव्हा मागे त्याची वाट उमटत जाते, तेवढंच बघत बसायचे. मग ऑफिसचा एक वाईट आठवडा मध्ये आला. त्यानंतर बसले तेव्हा गेमचा नायक आर्थर मॉर्गन एका टेकडीवर घोड्यावर थांबला होता आणि तो तिथे कशाला आला होता हे मला आठवेना. कुणाला शब्द दिला होता, कुणाचे पैसे वसूल करायचे होते, सगळं पुसलं गेलेलं. हातांनाही बटणं आठवत नव्हती. नकाशावर पिवळी खूण होती, तिकडे घोडा वळवला आणि अर्ध्या वाटेत बंद केलं. पुन्हा उघडला नाही.

टाइमपास म्हणून गेम खेळणाऱ्यातली मी कधीच नव्हते. म्हणूनच हे असं का झालं ते नीट शोधावंसं वाटतंय.

शनिवार

दुपारी आई झोपल्यावर जुन्या गोष्टी आठवत बसले.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहायचो. टीव्हीला लावायचा गेम आमच्याकडेही होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन वन' लिहिलेलं आणि आत तेच पाच-दहा गेम पुन्हा पुन्हा. काँट्रा, मारिओ, बदकं मारायची बंदूक. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. माझा खरा गेम प्रिन्स ऑफ पर्शिया.

तो पाचपाखाडीला काकांकडे होता. काका बँकेत होते, त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता आणि आम्हा भावंडांना शनिवारी संध्याकाळी एक तास मिळायचा. त्यातला अर्धा दादाचा, अर्धा माझा. जॉर्डन मेकनरने १९८९ साली हा गेम केला तेव्हा त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. हे मला फार नंतर कळलं. पण लहानपणीही दिसायचं की हा बाकीच्या गेममधल्या बाहुल्यांसारखा नाही. कड्याच्या टोकाशी येऊन थांबला की पाय रोवायला त्याला क्षणभर लागायचा. पडला की आपल्याच पोटात धस्स व्हायचं. राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं, आणि तो वेळ आपण काही न करता उभे राहिलो तरी चालूच.

त्यात एक आरसा आहे. त्यातून उडी मारून जावं लागतं, आणि आपण पलीकडे पडलो की आरशातून आपल्यासारखाच एक जण निघून उलट्या दिशेने पळून जातो. मग तो मध्ये मध्ये भेटतो, त्रास देतो. शेवटाकडे तलवार काढून समोर उभा राहतो. त्याला वार केला की आपलंच रक्त कमी होतं. तो मेला की आपण मेलो. आम्ही किती तऱ्हेने लढून बघितलं. दादाचं म्हणणं, वेग कमी पडतोय.

मला उत्तर सापडलं ते जांभळी नाक्यावर. आई मेथीची जुडी सोडून आत काही खराब आहे का बघत होती, बाईशी भावावरून बोलणं चाललं होतं, आणि मी दोन्ही हातांत पिशव्या धरून उभी होते. पायांत चिखल, समोर लिंबांचा ढीग. काही विचार करतेय असंही नव्हतं. एकदम लक्षात आलं की तो मीच आहे, त्याला मारायचंच नाही. तलवार ठेवून द्यायची.

घरी येऊन दादाला सांगितलं तर म्हणाला, "वेडी आहेस का? तू तलवार ठेवलीस तर तो मारेल ना!"

आणि शनिवारला अजून अवकाश होता. बुधवार-गुरुवार-शुक्रवार ते उत्तर मी तसंच घेऊन फिरले, वर्गात, शिकवणीला, रात्री अंथरुणात. खरं असेल की नाही? शनिवारी माझ्या पाळीत तिथवर पोचले, खालच्या बाणाचं बटण दाबलं. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. दादा काही बोलला नाही, त्याने फक्त माझ्या डोक्यावर टपली मारली. काकू पोहे घेऊन आली होती ते तसेच गार झाले.

आठवड्यातून अर्धा तास! एवढंच मी प्रत्यक्ष खेळायचे. बाकी सगळा वेळ तो गेम डोक्यात विरजण लावल्यासारखा असायचा, आपण दुसरं काही करत असताना आपोआप लागणारा. नागरिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर मी भुयारांचे नकाशे काढायचे. कुठली फरशी हलते, कुठे खाली भाले आहेत, कुठली बाटली विषारी. आता जे गेलंय ते हेच असावं. पडद्यासमोर बसल्यावर गेम मला आजही आवडतो. उठल्यावर तो माझ्याबरोबर येत नाही.

रविवार

कॉलेजच्या ग्रुपवर एकाने एका संशोधनाबद्दल पाठवलं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं. स्टारक्राफ्ट २ हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांचे खेळ त्यांनी तपासले आणि त्यांना दिसलं की समोर काही नवं आल्यावर हालचाल करायला लागणारा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढायला लागतो. खाली सगळ्यांचं "म्हातारे झालो रे" सुरू.

त्याच संशोधनात असंही आहे की मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या युक्त्या वापरून, शॉर्टकट वापरून ही कसर भरून काढतात. ते कुणी वाचलं नव्हतं. आणि मला मुळात वेगाचं सुख कधी नव्हतंच. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक खेळायचो तेव्हाही मी पहिल्या अर्ध्या मिनिटात मरायचे. (तिथे मुली जवळजवळ नसायच्याच. दादा बरोबर म्हणून मला जाता यायचं.) पण परत येताना गोखले रोडभर आमचं चालायचं, डस्ट टू या नकाशातल्या लांब वाटेने जायला हवं होतं, बोगद्यातून एकाला पाठवायला हवं होतं. तेच मला हवं असायचं. तेव्हा वय झालं म्हणून बोटं मंदावली, हे माझ्या दुखण्याचं कारण नव्हे.

आज दादा, वहिनी आणि भाचा जेवायला आले होते. भाचा सहावीत आहे, माइनक्राफ्टवाला, म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायचा गेम. त्यालाही गेम फक्त शनिवार-रविवार मिळतो, वहिनीची शिस्त. आमटी-भात चालू असताना त्याने डाव्या हाताने पेन मागितलं आणि लाइट बिलाच्या मागे काहीतरी काढायला लागला.

"काय आहे हे?"

"आत्या, दरवाजा. आपण जवळ आलो की भिंतच सरकते. पण रेडस्टोनचा, म्हणजे गेममधल्या वायरचा, सिग्नल पंधरा ब्लॉकच जातो ना. मग संपतो. मग रिपीटर लागतो. पण रिपीटर लावला की उशीर होतो, मग एक बाजू आधी उघडते."

"मग?"

"तेच चाललंय ना," म्हणाला. वहिनी ओरडली, आधी जेव. तो जेवला, पण त्याचे डोळे बिलावरच होते.

मला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही हटेना. हेवा वाटला, खराखुरा.

मंगळवार

आज ठरवून मोबाइल पिशवीत ठेवला. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, खिडकी मिळाली. म्हटलं डोकं रिकामं सोडून बघू, काय येतं.

दिघा गाव जाईपर्यंत आईच्या डोळ्यांचे थेंब आले. सकाळचे घातले, दुपारचे ती स्वतः घालेल का, की बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट बसलं असेल? ऐरोलीला काल रात्री अर्धवट राहिलेलं सर्व्हरचं काम आलं. रबाळ्याला सोसायटीची गळती, त्या प्लंबरला फोन करायचा राहिलाय. घणसोलीला उतरून महापेच्या रिक्षाच्या रांगेत उभी राहिले तेव्हा परत आई.

गाडीत मोबाइल बघतो म्हणून आपली कल्पनाशक्ती गेली, असं मी धरून चालले होते. आज तसं दिसलं नाही. जागा रिकामी नाहीच. जिथे पूर्वी भुयारांचा नकाशा असायचा तिथे आता माणसं आहेत आणि त्यांची कामं आहेत. त्यातलं एकही मला काढून टाकायचं नाही. आईचे थेंब माझ्या डोक्यात असणं मला हवंय. तिने माझ्या शाळेच्या वयात घरचं सगळं तिच्या डोक्यात ठेवलं, म्हणून माझं रिकामं राहिलं. जांभळी नाक्यावर जुडी ती तपासत होती, मी नाही.

थोडा दोष गेमचाही आहे, तो मी देणार. बऱ्याच मोठ्या गेममध्ये आता अडायलाच होत नाही. नकाशावर खूण, जमिनीवर वाट, सोबतचा माणूस दर दोन मिनिटांनी काय करायचं ते बोलून दाखवतो. तरी अडलंच तर यूट्यूबवर उत्तर तयार. आम्हाला आरशातून निघालेल्या त्या सावलीबद्दल विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ती चार दिवस टिकली. उत्तर दहा सेकंदांत मिळतं ते घरी घेऊन जाणार काय? करणाऱ्यांची मेहनत दिसते, पैसा दिसतो, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण माझ्यासाठी त्यात काही शिल्लक ठेवलेलं नसतं.

गुरुवार

कालपासून एक अपवाद आठवतोय, तो लिहिल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

गेल्या पावसाळ्यात आऊटर वाइल्ड्स खेळले. २०१९ चा गेम, लहानशा टीमने केलेला. छोटी सूर्यमाला, आपलं लाकडी पत्र्याचं यान, आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पहिल्यापासून. हातात काही उरत नाही. ताकद वाढत नाही, नवी हत्यारं मिळत नाहीत. उरतं ते फक्त आपल्याला कळलेलं.

त्यात दोन जुळे ग्रह आहेत. एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर ओतली जाते. मी दुसऱ्याच्या गुहेत शिरले की वाळू चढत यायची आणि मी चिरडून जायचे, म्हणून तो ग्रह मी सोडूनच दिला होता. एका सकाळी ठाण्याला दहा नंबरवर गाडीची वाट बघत होते, पत्र्यावर पाऊस इतका की अनाउन्समेंट ऐकू येत नव्हती, आणि लख्ख कळलं. इकडच्या गुहा भरतायत म्हणजे तिकडचं जे वाळूखाली गाडलेलं आहे ते उघडं पडतंय. आधी इकडे यायचं, घाईघाईने, आणि मग शेवटी तिकडे. ग्रहांचंच घड्याळ आहे ते. गाडी आली, मी चढले, आणि महापेला पोचेपर्यंत हसत होते. त्या दिवशीही आईचे थेंब होते, ऑफिस होतं. सगळ्याला जागा झाली.

म्हणजे ते मेलेलं नाही. पण असा गेम एकदाच खेळता येतो, कळलेलं न-कळलेलं करता येत नाही. त्याच्यानंतर मी बरेच घेतले, एकही टिकला नाही. आता घ्यायचे थांबवतेय. सेलचे मेल बंद केले, अर्धवट पडलेले सगळे गेम कन्सोलवरून काढले, आर्थर मॉर्गनसकट. काढताना वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं.

आऊटर वाइल्ड्स दादाला घेऊन दिला, त्याच्या लॅपटॉपवर. आज रात्री साडेअकराला त्याचा फोन.

"ती वाळू चढते त्याचं काय करायचं गं?"

"नाही सांगणार."

"अगं, निदान हो-नाही तरी सांग. खाली वाट आहे की नाही?"

नाही सांगितलं. चिडून फोन ठेवला त्याने. रविवारी येतोय आईला भेटायला, तोवर सुचेल त्याला.