रॅक आली नाही त्या महिन्याचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी आमचे कृषी सेवा केंद्र आहे. २०२५च्या खरिपात ऐन पेरणीच्या तोंडावर आमच्या वाट्याचे डीएपी खत घेऊन येणारी रॅक, म्हणजे रेल्वेची मालगाडी, आली नाही. चीनने निर्यातीवर घातलेले निर्बंध आणि लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजांना आफ्रिकेला पडणारा वळसा ही कारणे मी वर्तमानपत्रात वाचली होती. पण त्यांचा खरा अर्थ मला गोदामात नव्हे, तर बँकेत उमगला.

आमचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मर्यादेपर्यंत हवी तेव्हा रक्कम उचलता येणारे बँकेचे कर्ज, साठ्याच्या तारणावर चालते. दरमहा साठ्याचे विवरण (स्टॉक स्टेटमेंट) द्यायचे, बँक त्यातून २५ टक्के मार्जिन वजा करते आणि उरेल तेवढीच रक्कम उचलता येते. गोदामात २० लाखांचा माल असेल तर १५ लाख. तोच साठा ८ लाखांवर आला की ६ लाख. म्हणजे माल मिळत नाही म्हणून साठा घटतो, साठा घटला म्हणून उचल घटते, आणि नेमके त्याच वेळी वितरक म्हणतो की आगाऊ रक्कम भरणाऱ्यालाच पुढच्या रॅकमधला माल मिळेल.

उधारीचे दुखणे याहून जुने आहे. एका वृद्ध शेतकऱ्याने सरळ सांगितले, "भाऊ, डीएपी नाही तं नाही, सुपर देऊन द्या, पैसे कापूस निघाल्यावर." सुपर म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट, डीएपीऐवजी वापरायचे खत. त्यांचे काही चुकले नाही. परंतु साठ्याबरोबर उधारीची येणी तारणात धरताना बँक ९० दिवसांपर्यंतचीच धरते. जूनमधील उधारी सप्टेंबरात तिच्या हिशेबातून गळते आणि कापसाचा पैसा बहुधा दिवाळीच्या आसपास सुरू होतो. हा नियम करणाऱ्याने कपाशीचे शेत पाहिले नसावे. डीएपीचे ५० किलोंचे पोते १,३५० रुपयांनाच विकायचे असल्याने वाढलेले व्याज दरात मिळवता येत नाही. ते आमच्याच तुटपुंज्या कमिशनमधून जाते.

लघुउद्योगांना ४५ दिवसांत विकलेल्या मालाचे पैसे मिळण्याचे कायद्याचे संरक्षणही आमच्या कामाचे नाही, कारण २०२१मध्ये व्यापाऱ्यांना त्या वर्गात घेतले ते केवळ प्राधान्य क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी ठरावीक गटांना द्यायच्याच अशा, कर्जापुरते. शिवाय आमचा देणेकरी शेतकरी आहे, कंपनी नव्हे.

त्या हंगामात मी घरातील सोने गहाण ठेवून आगाऊ रक्कम भरली. पुढच्या खरिपासाठी मात्र मार्चमध्येच कॅश क्रेडिटच्या हंगामी वाढीव मर्यादेचा अर्ज दिला असून, ३ वर्षांच्या उधारी-वसुलीचे महिनावार तक्ते त्याला जोडले आहेत.