तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसलमन कळलं, आता प्रकार कशाला?

‘रिपोर्टमध्ये कॅसलमन आलंय ना, मग अजून तपासण्या कशाला?’ रुग्णाचे नातेवाईक हे मला नेहमी विचारतात. कॅसलमन म्हणजे लसिकाग्रंथी वाढून गाठी होण्याचा एक दुर्मीळ आजार. मी पॅथॉलॉजिस्ट. रिपोर्ट माझा, तेव्हा उत्तर देणंही माझ्याकडेच येतं.

काढलेल्या गाठीचा, म्हणजे लसिकाग्रंथीचा, पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की मधोमध आक्रसलेला पुंजका दिसतो. त्याच्याभोवती बारीक पेशींची कडी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक. बाहेरून एखादी रक्तवाहिनी सरळ आत शिरलेली, काडीवरचं लॉलिपॉपच. बोस्टनच्या बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ साली अशा १३ रुग्णांची नोंद केली, सगळ्यांची गाठ छातीच्या मध्यभागी.

पण असंच चित्र ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारात दिसू शकतं, एचआयव्हीत दिसू शकतं, काही लिम्फोमांतही, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत. मायक्रोस्कोपखालची काच मला त्या एका गाठीपुरतं सांगते. बाकीच्या शरीरात काय चाललंय ते तिला ठाऊक नसतं.

म्हणून आधी स्कॅन. गाठी एकाच भागात असतील तर तो युनिसेंट्रिक. ऑपरेशन करून गाठ पूर्ण निघाली की बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. अनेक भागांत असतील तर मल्टिसेंट्रिक, आणि खरी शोधाशोध इथे सुरू होते. पहिला प्रश्न एचएचव्ही-८ या विषाणूचा. तो असेल तर सहसा रिटुक्सिमॅब हे औषध देतात. तो नसेल आणि बाकीची कारणंही बाद झाली, तरच इडिओपॅथिक, म्हणजे कारण न सापडलेला, म्हणायचं. त्यासाठी २०१७ पासून ठरलेले निकष आहेत: गाठीचं चित्र लागतंच, शिवाय रक्तातले बदल आणि लक्षणंही जुळावी लागतात.

एवढी काटेकोर छाननी का? इडिओपॅथिक प्रकारात पुष्कळदा इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन शरीरात बेसुमार वाढतं. सिल्टुक्सिमॅब हे औषध ते धरून ठेवतं; अमेरिकेत २०१४ साली त्याला याच आजारासाठी मान्यता मिळाली. एचएचव्ही-८ मात्र स्वतःचं वेगळं इंटरल्यूकिन-६ बनवतो, आणि ते या औषधाच्या हाती लागत नाही. प्रकार चुकला तर औषधही चुकतं, आणि त्यात गेलेले दिवस रुग्णाचे असतात.

मला सगळ्यात जास्त धास्ती टॅफ्रोची वाटते. इडिओपॅथिकमधलाच हा उपप्रकार. प्लेटलेट्स घसरतात, ताप येतो, पोटात आणि छातीत पाणी साठतं, किडनी थकते. गाठ मात्र कित्येकदा जेमतेम दीड सेंटिमीटरची. ‘गाठ तर एवढीशी आहे’ असं घरचे म्हणतात, तेव्हा त्यांना समोर बसवून प्लेटलेट्सचा आकडा दाखवावा लागतो.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की एचएचव्ही-८ची तपासणी झाली का, ते त्यात बघा. लिहिलेलं नसेल तर बेलाशक विचारा. आणि गाठीचा मेणातला ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, कुठे ठेवलाय हेही विचारून घ्या. पुढे कुणाला पुन्हा काप बघायचे झाले तर तोच लागेल.