अस्तंभा की धूपगड? मुलांना उत्तर पडताळायला शिकवताना

आमच्या शाळेतून दरवर्षी तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेला मुलं जातात आणि भूगोलाची तयारी माझ्याकडे असते. शिरपूर तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, त्यामुळे भूगोल शिकवायला फार लांब जावं लागत नाही. मुलं हुशार आहेत, पाठांतर तर विचारूच नका. पण पूर्वी सगळ्यांच्या हातात एकच प्रश्नसंच असायचा. आता घरोघरी मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये वेगळं उत्तर निघतं. सराव घेताना एकाच प्रश्नाला दोन गट दोन उत्तरं देतात आणि दोघंही छातीठोकपणे सांगतात, "मॅडम, नेटवर आहे." म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत. उत्तर शोधायचं कसं आणि ते टिकतं का हे बघायचं कसं, तेच शिकवायचं. ते कसं जमत गेलं हे इतर शिक्षकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पहिला प्रश्न मुद्दाम घरचा घेतला: सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर कोणतं? अर्ध्या वर्गाने अस्तंभा लिहिलं, उंची १३२५ मीटर. बाकीच्यांनी धूपगड लिहिलं, १३५० मीटर. वाद पेटला. अस्तंभ्याच्या बाजूची मुलं काही केल्या मागे हटेनात, कारण डोंगरातल्या पावरा या आदिवासी समाजातल्या मुलांच्या घरची माणसं दिवाळीत अस्तंभ्याच्या यात्रेला जातात. अश्वत्थाम्याचा तो डोंगर, त्याचा मान मोठा. एक जण तर उभाच राहिला, "मना बाप चढेल शे, मॅडम!" आता वडील ज्या डोंगरावर चढून आले त्याला दुसरा नंबर द्यायला कोण तयार होईल?

कोणाचं बरोबर ते मी सांगितलं नाही. दोन्ही गटांना एकच काम दिलं: तुम्हाला हे ज्याने सांगितलं, त्याला कोणी सांगितलं ते शोधा. अस्तंभ्याच्या गटाने भराभर अनेक पानं उघडून दाखवली. एवढ्या ठिकाणी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांचं म्हणणं. मग मी त्यांना त्यातलं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायला लावलं. तेच वाक्य, त्याच क्रमाने, त्याच एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट सगळीकडे होतं. गावात एकाने उठवलेली आवई दहा तोंडांनी ऐकली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत, हे मुलांना सांगावंच लागलं नाही. चूक दिसताच मागच्या बाकावरून आवाज आला, "कॉपी करेल शे!"

धूपगडचा गट मध्य प्रदेशात पोचला होता, पचमढीला. तिथे शंका नव्हती. धूपगड सातपुड्यातच आहे आणि अस्तंभ्यापेक्षा उंचही आहे. मग अस्तंभा आला कुठून? ते आठवीतल्या एका मुलीने शोधून काढलं, तेही नेटवर नाही, शाळेच्या कपाटातल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात. तिथे वाक्य होतं महाराष्ट्रातल्या सातपुड्याबद्दल. नंदुरबार जिल्ह्यातला अस्तंभा हे सातपुड्याचं महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, एवढंच पुस्तक म्हणत होतं. नक्कल होता होता "महाराष्ट्रातील" गळून पडलं आणि उरलेलं वाक्य भारतभर फिरलं. दोन्ही गटांची उत्तरं बरोबर होती, फक्त दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती.

माझ्या मते सगळ्या शिकवण्याचा गाभा इथेच आहे. सामान्यज्ञानाच्या भूगोलात थेट खोटी उत्तरं मानाने कमी सापडतात. अर्धवट प्रश्नाची पूर्ण उत्तरं मात्र ढिगाने मिळतात. म्हणून शोधायला बसण्याआधी प्रश्न पूर्ण करायचा: कुठल्या हद्दीत, कुठल्या वर्षी, काय मोजून.

त्या दिवसापासून मुलांनी वहीत रकाने आखले. उत्तराशेजारी ते कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं आणि कशावरून सांगितलं. "कोणी" या रकान्यात "नेट" किंवा "गूगल" लिहायला बंदी. आता एखाद्याने नुसतं उत्तर सांगितलं की वर्गच ओरडतो, "हाई कोन सांगस?"

शिखरांच्या उंचीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण मुलं तिथे हमखास अडतात. गूगल अर्थवर डोंगराच्या टोकावर बाण नेला की खाली उंची दिसते आणि ती पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा कमी भरते. मुलांना वाटतं पुस्तक चुकलं. तसं नाही. तिथली उंची जमिनीचे चौकोन पाडून काढलेली असते, त्यामुळे अणकुचीदार टोक आजूबाजूच्या उतारात मिसळून जातं. शिखराच्या नेमक्या उंचीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा बघावा. त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की ५० हजारास एक प्रमाणाचे नकाशे पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आम्ही आमच्या भागाचा नकाशा उतरवून घेतला. त्यात गावाजवळचे नाले आणि पायवाटा सापडल्यावर तासभर दुसरं काही शिकवता आलं नाही, आणि मला ते शिकवायचंही नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ किनाऱ्याने खाल्ला. महाराष्ट्राला लाभलेला समुद्रकिनारा किती लांब? आमच्या मुलांनी समुद्र फारसा पाहिलेला नाही, पण ७२० किलोमीटर हे उत्तर झोपेतही देतील. शोधायला बसले तर तीन आकडे हाती आले. पुस्तकात ७२०, जुन्या सरकारी तक्त्यात ६५२.६ आणि नव्या तक्त्यात ८७७.९७. भारताच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा. वर्षानुवर्षं पाठ केलेले ७५१६.६ किलोमीटर आता ११०९८.८१ झाले आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात जुने आणि नवे आकडे राज्यवार शेजारीशेजारी दिले आहेत. तो अहवाल शोधायची युक्ती साधी आहे. विषय टाकल्यावर शेवटी साइट, मग कोलन, मग जीओव्ही डॉट इन असं इंग्रजीत लिहायचं. निकाल फक्त सरकारी पानांपुरते येतात. बातमी वाचून थांबायचं नाही, तिच्या मागचा कागद उघडायचा, हा आमचा नियम. अहवालाची पानं खूप, म्हणून पीडीएफमध्ये शब्द कसा शोधायचा तेही तेव्हाच शिकवलं.

"पण मॅडम, समुद्र वाढला का?" असं एकाने विचारलं आणि मला हा प्रश्न फार आवडला. जमीन तीच, समुद्र तोच, मग साडेतीन हजार किलोमीटर आले कुठून? तोंडी सांगून पटण्यातलं हे नव्हतं. नकाशावर दोरा ठेवून तापी मोजायला लावली. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते आणि सुरतजवळ समुद्राला मिळते; पुस्तकी लांबी ७२४ किलोमीटर. अॅटलासमध्ये पूर्ण भारताच्या पानावर ती एक साधी रेघ आहे. त्या रेघेवर दोरा सरळ बसला. मग महाराष्ट्राच्या पानावर आपल्या भागातला तुकडा मोजला, तिथे वळणं दिसू लागली आणि दोरा जास्त लागला. मग संगणकावर गूगल अर्थची मोजपट्टी घेऊन तोच तुकडा आधी लांब लांब टिचक्या मारून मोजला आणि नंतर जवळ जाऊन, काठाला धरून, प्रत्येक वळणावर टिचकी मारत मोजला. आकडा पुन्हा वाढला. मध्येच लाईट गेली, मोजणी पुसली गेली, मुलांनी कुरकुर न करता पुन्हा मांडली. जितकं बारकाईने मोजाल तितकी लांबी वाढते, हे त्यांच्या बोटांना कळलं. किनाऱ्याचंही तेच झालं आहे. जुना आकडा सत्तरच्या दशकातल्या लघुप्रमाण, म्हणजे कमी तपशिलाच्या, नकाशांवरून काढलेला होता, नवा अडीच लाखास एक प्रमाणाच्या नकाशांवरून, खाड्या आणि वळणं धरून.

तारखेचे प्रश्न त्या मानाने सोपे, पण सापळे त्यातच जास्त. सर्वात लांब रेल्वे फलाट म्हणून जुन्या संचात खडगपूर असतं, १०७२ मीटर. मग गोरखपूर आलं, १३६६ मीटर. मार्च २०२३पासून हुबळी, १५०७ मीटर. महाराष्ट्राला लागून असलेल्या राज्यांत आंध्र प्रदेश दिसला की संच २ जून २०१४ पूर्वीचा, कारण आता तिथे तेलंगणा आहे. जिल्हे ३५ लिहिले असतील तर तोही पालघर होण्याआधीचा. कझाकस्तानची राजधानी २०१९मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२मध्ये पुन्हा अस्ताना, म्हणजे मधल्या काळातलं पान नवं दिसूनही शिळं. आमच्या घरात तर जिवंत पुरावा आहे: माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नंदुरबार तालुका आणि जिल्हा धुळे आहे. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. दाखला वर्गात नेला तेव्हा "केव्हा" हा रकाना का हवा हे वेगळं समजवावं लागलं नाही.

मोजायचं काय, यावरून उत्तर बदलतं त्याचं उदाहरणही जवळच होतं. महाराष्ट्रात सर्वात जास्त आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा कोणता? २०११च्या जनगणनेत टक्केवारीने नंदुरबार सगळ्यात पुढे, सुमारे ६९ टक्के. संख्येने मात्र नाशिक. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय एक उत्तर देता येत नाही.

भुसावळचं रेल्वे यार्ड आशियातलं सर्वात मोठं, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. शोधलं तर तोच मान मुगलसरायलाही दिलेला सापडला, ज्याचं नाव आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. मोठं म्हणजे रुळांची लांबी, डब्यांची संख्या की जागा? आम्ही पाहिलेल्या एकाही पानावर माप दिलेलं नव्हतं. मुलांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. खान्देशच्या अभिमानाची गोष्ट आहे. तरी आमच्या संचातून तो प्रश्न काढून टाकला, कारण आपल्या गावाचा दावा आपण जास्त कडकपणे तपासला पाहिजे.

शोधल्यावर सगळ्यात वर यंत्राने जुळवलेलं तयार उत्तर येतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न हल्ली प्रत्येक शिक्षक विचारतो. मी त्याला बंदी घातली नाही. एकच प्रश्न मराठीत, मग इंग्रजीत, मग "महाराष्ट्रातील" घालून आणि गाळून विचारायला लावला. उत्तरं बदलतात हे मुलांनी स्वतः पाहिलं. आता ती ते उत्तर वाटाड्यासारखं वापरतात: खाली दिलेल्या दुव्यावर जातात आणि तिथे ते वाक्य खरोखर आहे का ते बघतात. विकिपीडियाबद्दलही तसंच. लेख वाचायचा, पण वहीत नाव लिहायचं ते तळाच्या संदर्भाचं. संदर्भ नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा.

खरी अडचण पुढे आली, आणि तिचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. स्पर्धेत किनाऱ्याचा प्रश्न आला. आमच्या शाळेतल्या मुलीने विचारलं, "कोणत्या मोजणीप्रमाणे?" परीक्षकांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तकाप्रमाणे सांग म्हणाले. तिने ७२० सांगितलं, गुण मिळाला. मी मुलांना हेच सांगते की उत्तरतालिका ज्या पुस्तकावरून बनते त्याचं उत्तर माहीत हवं, आणि आजचं उत्तरही माहीत हवं. दोन्ही वहीत शेजारीशेजारी लिहायची. दुहेरी कष्ट आहेत खरे, पण एकच लिहून दिलं तर मुलाचं एकतर गुणांत नुकसान होतं किंवा ज्ञानात.

या कष्टांचा उपयोग मोठेपणी होतोच. आमच्या भागातली कितीतरी मुलं अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करतात. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो तेव्हा हरकत घ्यायची सोय असते, पण हरकतीसोबत पुरावा द्यावा लागतो. त्याच मुलीचा मोठा भाऊ एका प्रश्नावर हरकत घ्यायची म्हणून घरी बसला होता. त्याच्याकडे पुरावा म्हणून कुठल्याशा संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट होता. तिने तो बाजूला ठेवायला लावला, रात्री बसून मूळ अहवाल शोधला आणि त्याला पान नंबर काढून दिला.

यंदा आम्ही आमचा स्वतःचा प्रश्नसंच करायला घेतला आहे. प्रत्येक प्रश्नाखाली मूळ स्रोत आणि पडताळल्याची तारीख असेल. जिल्ह्यांची संख्या, नावं, राजधान्या, विक्रम असे बदलते प्रश्न वेगळ्या रंगाच्या कागदावर आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की ते सगळे नव्या वर्गाकडून पुन्हा तपासून घ्यायचे असं ठरलं आहे, आणि २०११नंतरच्या जनगणनेचे आकडे आले की लोकसंख्येचं पूर्ण प्रकरण नव्याने लिहावं लागणार आहे.