डोळा कुठाय तुझा?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहायचं म्हटल्यावर बहुतेकांना गणिताचे नाहीतर मराठीचे सर आठवतील. मी लिहितोय चित्रकलेच्या सरांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने बरंचसं इटलीविषयी. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीला सर आम्हाला शाळा सुटल्यावर थांबवून घेत आणि व्हरांड्याच्या टोकाला बसवून खांबांची रांग काढायला लावत. खांब चुकले की मागून आवाज यायचा, "डोळा कुठाय तुझा?" म्हणजे कागदावर क्षितिजरेषा कुठे धरलीस आणि तू नेमका बसलायस कुठे. शेजारी बसलेल्या तिघांची चित्रं वेगवेगळीच आली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. सारखी आली तर कुणीतरी कुणाचं तरी पाहून काढलंय, हा निकाल ठरलेला.

ब्रुनेलेस्कीचं नाव आम्ही त्याच व्हरांड्यात ऐकलं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या या वास्तुकाराने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. १४३५ साली आल्बेर्ती या वास्तुकार-लेखकाने या यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोलीचा भास उभा करण्याचे, नियम पुस्तकात बांधले. प्रबोधनकालीन चित्रकलेतला हा मोठा शोध, हे सगळेच सांगतात. पण त्यात चित्राइतकाच बघणाराही एका जागी खिळला जातो, हे मला सरांमुळे कळलं.

पुढे आर्किटेक्चरला गेलो आणि बऱ्याच वर्षांनी फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोच्या 'ट्रिनिटी'समोर उभा राहिलो. हे भित्तिचित्र साधारण १४२७ चं, जवळपास पावणेसात मीटर उंच. सपाट भिंतीवर चौकटी-चौकटींची कमान अशी रंगवलीय की भिंतीच्या आत खरोखरच एक खोली असावी. सगळ्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, म्हणजे खाली उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांच्या जवळपास, येऊन मिळतात. गिलाव्यावर ओढलेले रेषांचे ओरखडे अजून शिल्लक आहेत. हे काढून मासाच्चो वर्षभरातच वारला. वय जेमतेम २६-२७.

तिथून पाँते व्हेक्कियो ओलांडलं की सांता फेलिचिता हे छोटं चर्च लागतं. तिथे पाँतॉर्मोचं, १५२५ ते १५२८ च्या दरम्यानचं चित्र आहे. ख्रिस्ताचा देह वाहून नेतायत. पण ना क्रूस, ना शिडी, पायाखाली धड जमीनही नाही. गुलाबी-निळ्या कपड्यांतली माणसं एकमेकांना धरून नुसती तरंगतायत. सरांनी हे चित्र खोडरबराने पुसायला लावलं असतं. मॅनरिझम म्हणतात तो हाच. शंभर वर्षांत नियम इतके पचले होते की ते मोडण्यातच कसब दिसू लागलं. पुस्तकं याला ऱ्हास म्हणत आली. मला ते पटत नाही. या चित्रासमोर कुठेही उभे राहा, आपण त्या गर्दीतच असतो.

याच पाँतॉर्मोवर चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी चिडला होता, कारण पाँतॉर्मो जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापील चित्रांच्या नादी लागला. ड्यूररचं आपल्याकडचं नातं सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूरर न्यूरेंबर्गला. त्याने तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि कच्च्या चित्रावरून लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे आणि पाठीवर एक जादा शिंग! दहा वर्षांनी मोजमापाने चित्र काढण्यावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं हे काम. तरी युरोपात पुढची दोन-अडीच शतकं गेंडा म्हटलं की हाच.

रोमला सान लुईजी देई फ्रांचेसी चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची चित्रं आहेत. मी गेलो तेव्हा पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ दिवे लागत; ते विझले की आपण अंधारात. डाव्या भिंतीवरच्या चित्रात, १५९९-१६०० चं ते, पैसे मोजत बसलेल्यांच्या अंगावर उजवीकडून उजेड पडतो, आणि वेदीवरची खरी खिडकीही त्याच बाजूला आहे. खोली भासवायला इथे कमान लागली नाही, उजेडाने काम भागवलं. मॅनरिझमनंतरच्या बरोक शैलीची सुरुवात म्हणून मी हेच चित्र दाखवेन.

राहिलं माद्रिदचं, वेलाझ्केझचं 'लास मेनिनास', १६५६ सालचं. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसतात, म्हणून आपण त्यांच्या जागी उभे आहोत असं सर्रास सांगितलं जातं. छापील चित्रावर पट्टी लावून बघा. छताच्या आणि भिंतीच्या रेषा आरशात मिळत नाहीत, मागच्या दारातल्या माणसापाशी मिळतात. म्हणजे आपण आरशासमोर नाहीच, थोडे उजवीकडे आहोत. मग आरशात दिसतात ते राजा-राणी चित्रात स्वतः उभ्या असलेल्या वेलाझ्केझच्या समोरच्या, आपल्याकडे पाठ केलेल्या कॅनव्हासवर रंगवलेले असावेत, असं काही अभ्यासक म्हणतात. पट्टी लावल्यापासून मी त्यांच्या बाजूचा आहे.