तुम्ही विचारलंत म्हणून: पडद्यावरचा रुग्ण

‘संगणकावरच्या खोट्या रुग्णावर शिकून डॉक्टर कसा तयार होणार?’ हा प्रश्न मला पणजीतल्या लग्नसमारंभांतही विचारला जातो. खोटा रुग्ण ही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षक हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच लॉस एंजेलिसला धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले होते. संगणकाने त्या रुग्णाला घड्याळ जोडले, एवढेच.

अशा पडद्यावरच्या रुग्णाची मी लिहिलेली एक केस सांगतो. पावसाळ्यातली पहाट आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, रात्री जमिनीवर झोपलेला तरुण पोटात कळ येते म्हणून आरोग्य केंद्रात आला आहे. अंगावर दंशाची खूण नाही, सूजही नाही. बहुतेक विद्यार्थी आम्लपित्ताचे इंजेक्शन निवडतात आणि पुढे सरकतात. पडद्यावर अर्धा तास उलटतो, रुग्णाच्या पापण्या खाली येऊ लागतात, आणि ‘काल रात्री कुठे झोपला होतात?’ हे विचारायचे राहून गेल्याचे तेव्हा लक्षात येते. काही जण सर्पदंशाची शंका घेतात, पण २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात, रक्त व्यवस्थित गोठलेले पाहतात आणि निर्धास्त होतात. ती चाचणी घोणशीचे विष पकडते. या तरुणाला चावलेली आहे मण्यार, आणि तिचे विष रक्ताला नव्हे, मज्जातंतू स्नायूला जिथे जुळतो त्या जागेला धरते. तोवर प्रतिविषाच्या पहिल्या १० कुप्या द्यायला उशीर झालेला असतो आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. ही चूक खऱ्या खाटेपाशी कुणालाही करू देता येणार नाही.

अशी केस लिहिताना उत्तर बिनचूक असण्यापेक्षा चुकीचे पर्याय पटण्याजोगे असणे अवघड जाते. (माझ्या पहिल्या केसमधले चुकीचे पर्याय इतके बाळबोध होते की सगळेच उत्तीर्ण झाले.)

पोटावर हात ठेवून ते मऊ आहे की ताठ, हे मात्र पडदा शिकवत नाही. ‘पोटांत दुखता’ एवढेच म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला बोलते करणे, त्याच्या वतीने उत्तरे देणाऱ्या मामाला नम्रपणे बाजूला घेणे, हे वॉर्डातच जमते. म्हणून केस प्रत्येकाने एकट्याने सोडवायची आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र बसायचे, असा आमचा रिवाज आहे. तिथे मी गुण सांगत नाही. ‘रक्त गोठलेले दिसले तेव्हा तुमच्या मनात काय आले?’ एवढेच विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.