शिट्टीची हुशारी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात, म्हणजे मोजणाऱ्या-सांभाळणाऱ्या उपकरणांच्या खात्यात, माझी सगळी नोकरी झाली हे कळलं, की लोक हमखास विचारतात, "एवढी यंत्रं पाहिलीत, त्यातलं सगळ्यात हुशार कोणतं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोबो वगैरे असतो. मी म्हणतो, कुकरची शिट्टी. मग तो हसतो आणि मला पुढचं सगळं सांगावं लागतं.

कारखान्यात एखाद्या टाकीतला वाफेचा दाब ठरावीक ठेवायचा तर काय काय लागतं बघा. दाब मोजायला ट्रान्समीटर. त्याचा सिग्नल घेऊन किती उघडायचं ते ठरवणारा कंट्रोलर. त्याचं ऐकणारा कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि तो हलवायला दाबाची हवा, म्हणजे कॉम्प्रेसर आला. दाब वाढला तर बोंब मारायला अलार्म. वायरिंग, वीज आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर दाखवतंय ना याची तपासणी, वेगळंच. शिट्टी हे सगळं एकटी करते. मोजते तीच, ठरवते तीच, वाफ सोडते तीच आणि हॉलमध्ये बसलेल्यांना ओरडून कळवतेही तीच. वीज नाही, वायर नाही. कॅलिब्रेशनचं खातं गुरुत्वाकर्षणाकडे, आणि ते रजेवर जात नाही.

हिशेब शाळेतला आहे. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार जास्त दाब हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 1 किलोचा जोर. झाकणावरच्या नळीचं भोक 3 मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम 7 चौरस मिलिमीटर. तेवढ्या जागेवरचा जोर होतो 70 ग्रॅमच्या आसपास. बस, तेवढ्या वजनाचा ठोकळा त्यावर ठेवला की काम झालं. त्याच वेळी 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून 300 किलोंहून जास्त जोर असतो. त्याच्यावर पहारा 70 ग्रॅमचा! लहान भोकाची ही करामत मला अजून थक्क करते.

म्हणूनच शिट्टी हरवली की बाजारात मिळेल ती बसवू नका. हीच शिट्टी 2 मिलिमीटरच्या भोकावर ठेवली तर ती सव्वादोन पट दाबाला उचलली जाईल, आणि तोवर काय होईल ते सांगत नाही.

आणखी एक गंमत. शिट्टी सारखी फुसफुसत बसत नाही; एकदम उचलली जाते, वाफ सोडते आणि खाली बसते. बसलेली असताना वाफेला ढकलायला फक्त ते भोक मिळतं. एकदा उचलली की तिच्या पोटाखालची रुंद जागाही मिळते, त्यामुळे दाब थोडा उतरेपर्यंत ती वरच राहते. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये हाच फरक मुद्दाम ठेवतात.

शिट्टीचं आणि बॉयलरच्या व्हॉल्व्हचं मूळही एकच आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ शिजवणारं बंद भांडं मांडलं. त्याच्या भांड्याला तरफेवर वजन टांगलेला व्हॉल्व्ह होता. याच माणसाने पुढे 1690 मध्ये वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, कल्पना मांडली; वाफेचं इंजिन त्याच वाटेने आलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या आगगाडीचं नातं असं थेट डाळ-भाताच्या भांड्याशी जुळतं.

पाणी उघड्या भांड्यात 100 अंशांपलीकडे जात नाही. 1 बार जास्त दाबाखाली ते 120 अंशांना उकळतं. लेहला, 3500 मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी म्हणून ते 88 अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकर तिथेही 114 अंशांपर्यंत नेतो. शिट्टी बाहेरच्या दाबावर आपला 1 बार चढवते, म्हणून आपल्याकडचे 120 तिथे मिळत नाहीत.

यातून निघणारी एक गोष्ट मात्र आमच्या घरात कोणी मानत नाही. पहिली शिट्टी झाली की आतलं तापमान पुढे वाढत नाही. मोठ्या आचेवर नुसत्या शिट्ट्या वाढतात, पाणी आणि गॅस उडून जातो. तेव्हा आच बारीक करायची आणि मिनिटं मोजायची. पण तूरडाळीला चार म्हणजे चार, असं मला ठणकावून सांगितलं जातं.

शिट्टीत उणं काहीच नाही असं नाही. डाळीचा फेस नळीत अडकला की बिचारी आंधळी होते. म्हणून डाळ अर्ध्याच्या वर भरायची नाही आणि लावण्याआधी नळीतून उजेड दिसतो का ते पाहायचं. तरीही चूक झाली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी संपून कुकर तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. आमटी छताला लागते, माणसं वाचतात.

दुसरा नंबर मी आतून लागणाऱ्या झाकणाला देतो, हॉकिन्सला असतं तसं. तोंड किंचित लंबगोल, म्हणून झाकण तिरकं करून आत घालता येतं. वाफ झाली की तीच झाकणाला काठावर आवळते. दाब उतरेपर्यंत पैलवानालाही ते उघडत नाही, कारण उघडायला ते आधी आत ढकलावं लागतं.

एवढं ऐकून काही जण म्हणतात, मग इतकी वर्षं कंट्रोल रूममध्ये बसून केलंत काय? कारखान्यात एका आकड्यावर भागत नाही. या बॅचला 3 बार, पुढच्या बॅचला 5, मध्येच हळूहळू उतरवायचा. शिट्टीला एकच आकडा येतो. डाळ-भाताला तेवढा पुरतो.