एका घराचा फरक

नागपूरच्या शाळेत अपूर्णांक शिकवायचे म्हणजे संत्रं सोलायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या चौथीच्या बाईंनी संत्रं गणिताच्या तासाला येऊच दिलं नाही. संत्र्यांचा आंबिया बहार सुरू, निम्म्या वर्गाच्या दप्तरांत संत्री, तरी नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एकात दहा फोडी निघतात, दुसऱ्यात अकरा, त्यातही एखादी मरतुकडी. भाग सारखे नसतील तर तो अपूर्णांक कसला? संत्री मधल्या सुट्टीत खा, आता पट्ट्या काढा.

पट्ट्या चौकटीच्या वहीतल्या पानांच्या, एक घर रुंद. वहीची पानं फाडायला खुद्द बाई सांगतात, याचंच आम्हाला अप्रूप. घडी घालून निम्मी, मग चौथाई, मग आठवा भाग इथपर्यंत मजेत जायचं. तीन सारख्या घड्या मात्र कुणालाच धड जमत नसत, तिथे घरं मोजावी लागत. १/३ मोठा की १/४, यावर जवळजवळ सगळा वर्ग १/४ म्हणाला होता, कारण तीनापेक्षा चार मोठे. बाई चूक-बरोबर काहीच बोलल्या नाहीत. "काहून?" एवढंच विचारलं आणि पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे आमचं आम्हालाच दिसलं.

एकदा मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, ३/४ ले एक कमी हाये, ५/६ लेबी एकच कमी हाये. मंग दोघंबी सारखेच." आम्हाला ते पटलंही. बाईंनी विचारलं, "एक काय कमी?" तो पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, एकात चौथाई कमी, दुसऱ्यात सहावा भाग. म्हणजे ५/६ मोठा! त्या दिवसापासून वर्गाला उरलेला तुकडा बघायची सवयच लागली. ७/८ आणि ८/९ सुद्धा मग तोंडी यायचे. कधी अर्ध्याशी ताडून बघायचो: ३/७ आणि ५/९ मध्ये साताचे निम्मे साडेतीन, म्हणजे पहिला अर्ध्याला पोचत नाही, नवाचे निम्मे साडेचार, दुसरा पुढे गेला. झालं गणित, पाटी कोरीच.

स्कॉलरशिपचा वर्ग शाळा सुटल्यावर भरायचा. तिथे शिकवणीला जाणारी मुलं तिरकस गुणाकार करून, म्हणजे एकाच्या अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणून, फटकन उत्तर सांगत. बाई त्याला ताळा म्हणायच्या. ताळा शेवटी करायचा, आधी कारण.

आमचे आजोबा इतवारीत दुकानावर बसलेले. १९५७ साली नवे पैसे आले तरी त्यांचा हिशेब आण्यांतच चाले. २/३ आणि ३/४ त्यांना विचारले तर म्हणाले, "रुपयाचे दोन तृतीयांश म्हणजे दहा आणे आठ पै, पाऊण म्हणजे बारा आणे. यात विचारायचं काय?" सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयात १९२ पै. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, कशानेही भागा. दुसऱ्या दिवशी मी हे मोठ्या तोऱ्यात वर्गात सांगितलं. बाई खूश झाल्या, मला फळ्यावर मांडायला लावलं, आणि खाली लिहिलं: ३/५ आणि ५/८. आता रुपयाचे पाच भाग कर म्हणाल्या. १९२ पै पाचांत बसेचना.

पट्ट्याही कामी येईनात. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून थोडे मोठे, आणि पेन्सिलीच्या रेघेची जाडी धरली तर हवं ते उत्तर काढता येत होतं. मुली ३/५ म्हणत होत्या, मुलं ५/८. चांगलीच खडाजंगी झाली. तेव्हा बाईंनी विचारलं: किती घरांची पट्टी घ्यावी, की एकही घर न कापता तिचे पाच भाग होतील आणि आठही? कुणी वीस म्हणालं, कुणी चोवीस. चाळीसवर गाडी थांबली. मोठं पान उभं कापून, तुकडे जोडून चाळीस घरांची पट्टी केली. पाचवा भाग आठ घरांचा, असे तीन, म्हणजे चोवीस. आठवा भाग पाच घरांचा, असे पाच, म्हणजे पंचवीस. मुलं जिंकली, एका घराने. समच्छेद करणं, म्हणजे छेद सारखे करणं, आम्हाला असं भेटलं; पुस्तकातला नियम नंतर आला.

पुढे डी.एड. करताना कळलं, की भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, समच्छेदाची हीच रीत दिली आहे: प्रत्येकाच्या अंशाला आणि छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणायचं. शिवाय छेदांना सामाईक अवयव असेल तर आधी त्याने भागून घ्या, म्हणजे काम हलकं होतं, असंही सांगितलंय.

आता मी पाचवीला शिकवते. मुलं तिरकस गुणाकार शिकूनच येतात: तीन आठे चोवीस, पाच पाचे पंचवीस, उत्तर तयार. ही कशाची चोवीस आणि कशाची पंचवीस, असं विचारलं की वर्ग गप्प. छेदातले चाळीस त्या रीतीत लिहावेच लागत नाहीत, म्हणून ते कुणाला दिसतच नाहीत. मला विचाराल तर ती रीत चौथी-पाचवीत जरा उशिराच दाखवावी. शिकवणीवाल्यांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

जाता जाता एक गणित देऊन ठेवते. ५/७ मोठा की ७/१०? तिरकस गुणाकार करायचा नाही, छेदही सारखे करायचे नाहीत. दोघांत काय उरतं ते बघा आणि त्या उरलेल्यांचे अंश सारखे करून पाहा. नुसत्या उत्तराला मार्क नाहीत.